रिपोर्टातले शब्द, शरीरातला रोग

'हृदयक्रिया बंद पडून निधन झालं' हे वाक्य आपण निधनवार्तांमध्ये इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यात माहिती अशी काहीच नाही, हे लक्षातही येत नाही. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. रुग्णालयात कुणी दगावलं की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला भरतात, त्या नमुना क्रमांक 4 वर म्हणूनच स्पष्ट सूचना असते, की मृत्यू घडवणारा आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहावी, मरण्याची तऱ्हा लिहू नये. खाली अ, ब, क अशा ओळी. पहिलीत अगदी लगतचं कारण, दुसरीत ते ज्यातून उद्भवलं ते, तिसरीत या सगळ्याच्या मुळाशी होतं ते. शेजारच्या रकान्यात प्रत्येक गोष्ट सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत गेलेला काळ. या क्रमात न बसणारे, पण हातभार लावणारे आजार दुसऱ्या भागात.

नीट भरलेला दाखला कसा दिसेल? सेप्सिस, 4 दिवस. त्याआधी पायाचं गँगरीन, 3 आठवडे. त्याआधी मधुमेह, 18 वर्षं. एका माणसाच्या आजाराची सगळी कहाणी, शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितलेली. प्रत्यक्षात पुष्कळ दाखल्यांवर पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून बाकीच्या ओळी कोऱ्या सोडल्या जातात, आणि मग त्या मधुमेहाची कुठेच नोंद राहत नाही.

रोगाबद्दलच्या मूळ शब्दांचा आढावा घ्यायला हा दाखला चांगला, कारण रोग म्हणजे एकातून दुसरी अशा घडत गेलेल्या घटना असतात, हे तो भरणाऱ्याला मान्य करायला लावतो. वैद्यकातले बहुतेक पायाभूत शब्द या घटनाक्रमातल्या निरनिराळ्या टप्प्यांची नावं आहेत. आपला गोंधळ उडतो तो एका टप्प्याचं नाव दुसऱ्याला दिल्यामुळे, आणि तो करण्यात पेशंट, नातेवाईक, पत्रकार आणि घाईतले डॉक्टर असे सगळेच सामील असतात.

कोणत्याही रोगाला चार प्रश्न विचारता येतात. कशामुळे झाला? त्या कारणाने शरीरात नेमकं काय सुरू झालं? त्यातून कुठल्या अवयवाची, कुठल्या पेशींची रचना बदलली? आणि त्या बदलाने माणसाला काय झालं? पहिल्याच्या उत्तराला डॉक्टर इटिऑलॉजी म्हणतात, दुसऱ्याच्या पॅथोजेनेसिस, तिसऱ्याच्या लीजन. चौथं उत्तर म्हणजे लक्षणं. ही विभागणी आपल्याकडे नवी नाही. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला रचलेल्या माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगं मानली आहेत, आणि त्यातली संप्राप्ती म्हणजे रोग शरीरात कसा घडत जातो ती वाट. उत्तरं अर्थातच निराळी. तिथे दोषांची भाषा आहे, इथे पेशींची. पण कारण आणि कारणाने घडवलेली प्रक्रिया वेगळी धरायची, ही समज दोन्हीकडे आहे.

क्षयरोगावर हे चार प्रश्न लावून पाहू. कारण आहे रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलेला जंतू. तो श्वासावाटे फुप्फुसात जातो, तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकतीलच असं नाही. मग त्या पेशी त्याच्याभोवती गोळा होऊन वेढा घालतात, ही प्रक्रिया. वेढ्याची जी सूक्ष्म गाठ बनते तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. तिचा मधला भाग मरून फुटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा होतो, आणि हा ऐवज श्वासनलिकेत रिकामा झाला की फुप्फुसात पोकळी उरते. ही रचनेतली विकृती. खोकला, बेडक्यातून पडणारं रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, ही चौथ्या प्रश्नाची उत्तरं. आता एक खोच पाहा. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांना या जंतूचा संसर्ग झालेला असावा असा अंदाज आहे, पण त्यांपैकी 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू वेढ्यातच अडकून राहतो. म्हणजे संसर्ग आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. कारण हजर असूनही पुढचं काहीच घडलं नाही, असं होऊ शकतं, आणि बहुतेकदा तसंच होतं. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही यांना 'जोखीम घटक' म्हणतात ते इथे कामाला येतात. ते क्षयाचं कारण नव्हेत. वेढा ढिला करणारे आहेत.

लक्षणांमध्येही दोन जाती. पेशंटला जाणवतं आणि तोच सांगू शकतो ते सिम्प्टम, म्हणजे दुखणं, मळमळ, चक्कर, थकवा. दुसऱ्याला पाहता, ऐकता, मोजता येतं ते साइन, म्हणजे पिवळे डोळे, हाताला लागणारी वाढलेली प्लीहा, स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी घरघर, मोजलेला रक्तदाब. मराठीत दोन्हींना लक्षणच म्हणण्याची रीत आहे. कुणी दुसऱ्याला चिन्ह म्हणतात. फरक महत्त्वाचा अशासाठी, की उच्च रक्तदाबासारख्या रोगात वर्षानुवर्षं फक्त चिन्ह असतं, जाणवत काहीच नाही. 'मला तर काहीच होत नाही' म्हणून गोळी बंद करणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो चौथ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, तर डॉक्टरांना चिंता तिसऱ्याची असते. काही लक्षणं आणि चिन्हं नेहमी बरोबरच आढळतात, त्या जुडग्याला सिंड्रोम म्हणतात. कारण सापडायच्या आधीही असं नाव देता येतं. आणि रिपोर्टात 'इडिओपॅथिक' असं भारदस्त विशेषण दिसलं तर घाबरू नये. कारण माहीत नाही, एवढंच ते विद्वत्तेने म्हणत असतं.

रोगाला शरीरात जागा असते, हा विचार युरोपात रुजायला वेळ लागला. पादुआच्या मोर्गान्यीने शेकडो शवविच्छेदनांवर आधारलेला ग्रंथ 1761 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो 79 वर्षांचा होता. जिवंतपणी माणसाने केलेल्या तक्रारी आणि मेल्यावर अवयवांत दिसलेले बदल यांची त्याने जोडी लावली. पुढे पॅरिसमध्ये बिशाने अवयवाच्या आत, ऊतींपर्यंत ही जागा नेली, तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय. आणि 1858 मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खोने आपली व्याख्यानं ग्रंथरूपाने छापून सांगितलं की शेवटी आजारी पडते ती पेशी. आज बायोप्सीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली जातो तो या विचारामुळे. थ्रॉम्बोसिस, एम्बॉलिझम, ल्युकेमिया हे शब्दही फिर्खोचेच.

आता सूज. मराठी बोलण्यात या एका शब्दावर फार ओझं आहे. 'लिव्हरला सूज', 'पायावर सूज', 'घशाला सूज', 'हाडाला सूज' ही चार अगदी वेगळी दुखणी असू शकतात. पायावर बोट दाबल्यावर खळगा राहतो ती पाण्याची सूज, म्हणजे इडीमा. केशवाहिन्यांतून बाहेर पडलेलं पाणी पेशींच्या मधल्या जागेत साठतं. हृदय नीट पंप करत नसेल, मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जात असतील किंवा यकृत पुरेसं अल्ब्युमिन बनवत नसेल तर असं होतं. सोनोग्राफीत लिव्हर मोठं दिसलं, तर ते केवळ आकाराने वाढलेलं असतं, आणि त्याला चरबी साठण्यापासून कॅन्सरपर्यंत कितीतरी कारणं असतात. तिसरा प्रकार म्हणजे खरा दाह, इन्फ्लमेशन. रोगाच्या नावाला 'आयटिस' हे शेपूट लागलं की समजावं, दाह आहे: अपेंडिसायटिस, हिपॅटायटिस, आर्थ्रायटिस.

दाहाची लाली, सूज, ऊब आणि वेदना ही चार चिन्हं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवली. अवयवाचं काम थांबणं हे पाचवं चिन्ह मागाहून जोडलं गेलं. चारही चिन्हं मुळात रक्तवाहिन्यांच्या वागण्यातून येतात. त्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब, त्यांच्या भिंती सैलावून द्रव पाझरतो म्हणून सूज, आणि त्या गर्दीतली रसायनं मज्जातंतूंना चेतवतात म्हणून वेदना. पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून निसटून बाहेर येतात, हे यूलिउस कोनहाइमने 1867 मध्ये दाखवलं. त्या येऊन काय करतात, याचा धागा रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्हला 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे सापडला. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने काटा खुपसला, आणि पेशी काट्याभोवती जमलेल्या त्याला दिसल्या. भक्षणाच्या या कल्पनेने त्याला 1908 च्या नोबेलचा वाटेकरी केलं.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की दाह म्हणजे जंतुसंसर्ग, आणि म्हणून अँटिबायोटिक. मुरगळलेला घोटा, वाळूत भाजलेला तळवा, संधिवाताने सुजलेली बोटं, यांत दाह आहे आणि जंतू नाहीत. जंतुसंसर्ग हे कारण, दाह ही शरीराची प्रतिक्रिया. पहिल्या प्रश्नाच्या जागी दुसऱ्याचं उत्तर ठेवलं की अँटिबायोटिकचा विनाकारण कोर्स सुरू होतो.

दाहातून बरं होण्याच्याही दोन वाटा आहेत. ज्या पेशी मेल्या तशाच पुन्हा वाढल्या तर अवयव पूर्ववत होतो. यकृताला आणि आतड्याच्या अस्तराला हे चांगलं जमतं. नाहीतर खड्डा भरून निघतो तो तंतूंनी, म्हणजे व्रणाने. याला फायब्रोसिस म्हणतात. सिऱ्हॉसिस म्हणजे वर्षानुवर्षांच्या माराने यकृतभर झालेलं हेच. क्षय पूर्ण बरा झालेल्या माणसाच्या एक्सरेवर 'ओल्ड हील्ड कॉक्स', म्हणजे कॉखचा बरा झालेला जुना रोग, असा शेरा येतो, आणि नोकरीच्या तपासणीत तो धास्तावतो. तो शेरा आजाराचा नसतो, आजाराने मागे ठेवलेल्या डागाचा असतो.

पेशीला मार बसला की तिच्यापुढे तीन शक्यता असतात: सावरणं, जुळवून घेणं किंवा मरणं. फॅटी लिव्हर हे बऱ्याचदा पहिल्या शक्यतेचं उदाहरण. वजन उतरलं, दारू सुटली की चरबीही उतरते. मरणं कसं, हे हृदयाच्या बाबतीत समजून घेण्यासारखं आहे, कारण इथले चार शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. करोनरी धमनी अरुंद झाली आणि जिना चढताना स्नायूला रक्त अपुरं पडलं, तर त्या तुटवड्याला इस्किमिया म्हणतात आणि छातीत येणाऱ्या कळेला अँजायना. थांबलं की कळ जाते. पेशी उपाशी राहिल्या, पण जगल्या. धमनीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसली आणि वाट बंदच झाली, तर 20 ते 40 मिनिटांत स्नायू परत न येण्याइतका मरू लागतो. रक्ताअभावी मेलेल्या या भागाला इन्फार्क्ट म्हणतात, आणि हाच खरा हार्ट अटॅक. त्याची खूण म्हणजे ट्रोपोनिन हे प्रथिन मेलेल्या पेशींतून गळून रक्तात येतं, पण मोजण्याइतकं यायला काही तास लागतात. म्हणून पहिली तपासणी नॉर्मल आली तरी डॉक्टर घरी सोडत नाहीत. नातेवाईकांना ही टोलवाटोलवी वाटते; ती नसते. तिसरा शब्द कार्डिअ‍ॅक अरेस्ट. हृदयाचं पंप करणं अचानक थांबतं, बहुधा विजेच्या लयीत बिघाड झाल्यामुळे. हार्ट अटॅक हे त्याचं एक कारण, एकमेव नव्हे. अटॅक आलेला माणूस बोलत असतो, अरेस्ट झालेला कोसळतो आणि त्याला त्याच क्षणी छातीवर दाब द्यायला लागतो. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते अशक्त होणं. त्यासह माणसं गोळ्यांवर कित्येक वर्षं काढतात. एवढा फरक बातमी लिहिणाऱ्यांनी पाळला तरी खूप झालं.

जागच्या जागी बनलेली गुठळी म्हणजे थ्रॉम्बस, आणि सुटून रक्ताबरोबर दुसरीकडे जाऊन अडकलेली एम्बोलस. पोटरीच्या शिरेत बनलेली गुठळी फुप्फुसात जाऊन जीव घेते, तेव्हा मूळ जागा एक आणि मरणाची जागा दुसरी असते. पेशीचं मरण मात्र नेहमी अपघाती नसतं. केर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये अ‍ॅपॉप्टोसिस या नावाने एका निराळ्या मरणाचं वर्णन केलं. त्यात पेशी स्वतःला शिस्तीत आवरून घेते, आसपास दाह होत नाही. गर्भात बोटांच्या मधली कातडी अशीच जाते. कॅन्सरची एक व्याख्याच अशी करता येईल, की या मरणाला नकार देणाऱ्या पेशी.

पेशीपुढची उरलेली शक्यता जुळवून घेण्याची, आणि इथले शब्द रिपोर्टांमध्ये सर्वांत जास्त भीती पेरतात. प्लॅस्टर काढल्यावर पाय रोडावलेला दिसतो तो अ‍ॅट्रॉफीने. सत्तरीच्या आजोबांच्या सीटी स्कॅनवर 'एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी' येतं, त्यात वयाच्या मानाने फार काही नवल नसतं. रक्तदाबाशी झगडून हृदयाची भिंत जाड होते ती हायपरट्रॉफी. पेशी तितक्याच, आकाराने मोठ्या. प्रोस्टेट वाढतं ते हायपरप्लेसियाने. पेशींची संख्याच वाढते. विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतलं लव असलेलं नाजूक अस्तर जाऊन तिथे कातडीसारखं राकट अस्तर येतं, ते मेटाप्लेसिया. ते धूर सोसतं, पण कफ वर ढकलू शकत नाही, म्हणून सकाळचा खोकला. इथपर्यंत सगळं परत फिरू शकतं. त्यापुढचा डिस्प्लेसिया म्हणजे पेशींची घडी विसकटणं. आकार, मांडणी, केंद्रकं, सगळ्यांतच अनियमितपणा. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच्या दिशेने टाकलेलं पाऊल असू शकतं.

हा प्रवास आपल्याकडे तोंडात पाहायला मिळतो, तितका स्पष्ट क्वचितच कुठे मिळत असेल. तंबाखूची गोळी जिथे धरायची त्याच जागी गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो. सुपारी चघळणाऱ्यांत गालाच्या अस्तराखाली तंतू साठून तोंड उघडेनासं होतं. उभी धरलेली तीन बोटं आत जात नाहीत. या सबम्यूकस फायब्रोसिसचं वर्णन मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये केलं. चट्ट्याच्या बायोप्सीत डिस्प्लेसिया सौम्य, मध्यम की तीव्र हे लिहिलेलं असतं. विसकटलेल्या पेशी अस्तराच्या पूर्ण जाडीत पसरल्या, पण तळाचा पडदा शाबूत आहे, तोवर त्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात, आणि पडदा भेदला की आक्रमक कॅन्सर. रक्तवाहिन्या पडद्याच्या पलीकडे आहेत, म्हणून सगळं त्या पातळ पडद्यावर अवलंबून असतं. सौम्य गाठ वाढते पण आपली सीमा सोडत नाही. मारक गाठ सीमा ओलांडते आणि तिच्या पेशी दूरवर जाऊन नवी वस्ती करतात, तो मेटास्टेसिस. यकृतात पसरलेला स्तनाचा कॅन्सर हा स्तनाचाच कॅन्सर राहतो, त्याला औषधंही त्याचीच द्यायची. 'आता लिव्हरचा कॅन्सर पण झाला' हे म्हणूनच चूक.

सततच्या चोळण्या-घासण्यातून पेशी कुठवर जातात, याचं एक अस्सल देशी उदाहरण परळच्या टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 मध्ये नोंदवलं. धोतराची किंवा साडीची गाठ वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी आवळली जाते, तिथे कातडी काळवंडते, खवले धरते, पुढे न भरणारी जखम होते आणि क्वचित तिचाच कॅन्सर होतो. चारही प्रश्नांची उत्तरं एका गाठीत.

रोगाच्या काळाचे शब्द आपण आणखी ढिलाईने वापरतो. अ‍ॅक्यूट याला मराठीत तीव्र म्हणतात, आणि ऐकणारा समजतो फार गंभीर. अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक सुरू होऊन थोडक्या दिवसांत निकालात निघणारा. साधी सर्दीही अ‍ॅक्यूटच. क्रॉनिक म्हणजे जुनाट, मग तो जीवघेणा असो वा नुसता कटकटीचा. जंतू शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा अधिशयन काळ, रोग दबून राहण्याचा रेमिशनचा काळ आणि रिलॅप्स हे पुढचे शब्द. रिलॅप्सला आपल्या आज्यांकडे अचूक क्रियापद होतं: टायफॉइड उलटला. जन्मजात आणि आनुवंशिक यांचीही सारखी गल्लत होते. गरोदरपणी आईला रुबेला झाल्याने बाळ मोतीबिंदू घेऊन येतं, ते जन्मजात, पण आनुवंशिक नाही. हंटिंग्टन रोग आनुवंशिक, पण बहुतेकदा तिशी-चाळिशीपर्यंत त्याची चाहूलही लागत नाही. सिकलसेल हा विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक कुटुंबांत असलेला आजार. त्यात आई-बाप दोघांकडून बदललेला जनुक आला तर रुग्ण, एकाकडून आला तर वाहक. वाहकाला रोगी समजून लग्नं मोडतात. समुपदेशकाला खरं सांगायचं असतं ते इतकंच, की दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक.

लॅबच्या कागदावर ठळक छापलेल्या आकड्यांबद्दलही थोडं. 'नॉर्मल रेंज' साधारणपणे निरोगी माणसांतल्या 95 टक्क्यांचे आकडे ज्यात बसतात ती असते. म्हणजे 5 टक्के निरोगी माणसं व्याख्येनेच बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्यांचं पॅकेज धडधाकट माणसाने केलं, तर निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता जवळजवळ 64 टक्के. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातीत हे छापत नाहीत.

शेवटी मोजदादीचे शब्द. ठरावीक काळात किती नवे रुग्ण झाले, हा इन्सिडन्स. एका वेळी एकूण किती रुग्ण आहेत, हा प्रिव्हेलन्स. इन्शुलिनने मधुमेही जास्त जगू लागले, तर नवे रुग्ण तितकेच राहूनही एकूण संख्या वाढते. ते औषधाचं यश असतं, साथ नव्हे. मृत्युदर लोकसंख्येवर काढतात, रुग्ण-मृत्युप्रमाण रुग्णसंख्येवर. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, तरी देशातल्या एकूण मृत्यूंत रेबीजचा वाटा लहान. कॅन्सरमध्ये प्रॉग्नोसिस, म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज, सांगताना पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सांगतात, आणि ते वाढलं की उपचार सुधारले असं आपण धरून चालतो. समजा, एका माणसाचा कॅन्सर लक्षणं आल्यावर 60 व्या वर्षी सापडला आणि तो 63 व्या वर्षी गेला. त्याच्यासारख्याच दुसऱ्याचा तपासणी शिबिरात 57 व्या वर्षीच सापडला आणि तोही 63 व्या वर्षीच गेला. दुसरा सहा वर्षं जगला म्हणून पाच वर्षांच्या यादीत बसला, पहिला बसला नाही, आणि आयुष्य दोघांचं सारखंच. म्हणून तपासणी मोहिमेने खरंच जीव वाचले का, हे पाहायचं असेल, तर त्या कॅन्सरने लोकसंख्येत होणारे मृत्यू कमी झाले का, हे तपासावं लागतं.